नाकारलेल्यांची साक्ष

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)



आमच्या गावात एक कारखानदार आहेत. भला माणूस. नवा माणूस कामावर घेतला की ते अभिमानानं सांगतात, "दोनशे अर्ज आले होते. त्यातून हा एक उचलला. दोनशेंत एक!" ऐकणारा मान डोलावतो. मीही डोलावली आहे. पण पलीकडच्या गल्लीतले गिरणीमालकही हेच सांगतात, पेठेतले सराफही हेच सांगतात आणि शिक्षणसंस्थेचे अध्यक्षही हेच सांगतात. मग एक दिवस माझ्या मनात आलं, गावातले सगळेच जर दोनशेंतला एक उचलत असतील, तर उरलेले एकशे नव्याण्णव जातात कुठे? सगळे काही घरी बसलेले नाहीत. बरेचसे कुठे ना कुठे चिकटलेले आहेत. म्हणजे त्यांनाही कोणीतरी 'दोनशेंत एक' म्हणूनच उचललेलं असणार!

हिशेब कुठेतरी चुकतो आहे. तो कुठे चुकतो, एवढंच आज तुमच्याशी बोलायचं आहे. मी काही व्यवस्थापनशास्त्र शिकलेलो नाही. बी. ए. झालो, मुद्रितशोधक म्हणून पोट भरलं आणि कविता लिहिल्या. पण निवडलं जाणं आणि नाकारलं जाणं यातलं थोडंफार कवीला कळतं. या दोन्ही गोष्टी त्याला टपालानं घरपोच मिळत असतात.

काही वर्षं मी एका दिवाळी अंकासाठी कविता निवडायचं काम करत होतो. जूनपासून पाकिटं यायला लागत. पहिल्या वर्षी चारशेच्या आसपास कविता आल्या, त्यातून आम्ही बावीस घेतल्या. चारशेंतून बावीस! मला स्वतःच्या पारखीचं मोठं कौतुक वाटलं. पुढे दुसऱ्या एका अंकाचं हेच काम करणारे स्नेही भेटले. चहा पिता पिता त्यांनी एका कवितेची गंमत सांगितली. मी म्हटलं, "अहो, ही तर माझ्याकडेही आली होती." मग एकेक नाव निघत गेलं. त्यांचा गठ्ठा आणि माझा गठ्ठा जवळजवळ निम्मा सारखा होता! तीच कविता पाच संपादकांकडे जायची, पाचही ठिकाणांहून साभार परत यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघायची. उलट ज्यांच्या कविता आम्हा सगळ्यांना हव्या असत, ते कवी त्या गठ्ठ्यात नसतच. त्यांच्याकडे वर्षाला दोन-तीन कविता तयार व्हायच्या आणि ज्यानं मे महिन्यात पत्र घातलं त्याला मिळायच्या. आम्ही चारशेंतून बावीस निवडत होतो खरे, पण ते चारशे म्हणजे मराठी कविता नव्हती. तो फक्त आमच्या टेबलावरचा गठ्ठा होता.

नोकरीच्या अर्जांचंही असंच होतं. चांगला हिशेबनीस एकदा कामाला लागला की पंधरा-वीस वर्षं हलत नाही. हलायचं म्हटलं तर त्याला आधीच कोणीतरी विचारलेलं असतं. जाहिरात वाचून अर्ज करायची वेळ त्याच्यावर आयुष्यात एकदा-दोनदा येते. ज्याला कुठेच ठेवून घेत नाहीत, तो मात्र प्रत्येक जाहिरातीला अर्ज करतो. एकच माणूस वर्षात वीस गठ्ठ्यांत असतो. त्यामुळे गठ्ठा जाड दिसतो आणि त्याच्या जाडीवरून मालक आपल्या निवडीची उंची मोजतो. आपल्याकडे म्हणच आहे, वासरात लंगडी गाय शहाणी. मालकाची पहिली चूक ही, की समोर आलेला गठ्ठा म्हणजेच सगळं जग असं तो धरून चालतो.

पण इथेच थांबलो तर अन्याय होईल. वीस गठ्ठ्यांत असलेले सगळेच काही लंगडे नसतात. काहीजण तिथे अडकलेले असतात, कारण त्यांचं काम कोणी पाहिलेलंच नसतं. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण एका उन्हाळ्यात मीही त्या गठ्ठ्यात होतो.

साल १९९४. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो होतो. मुद्रितशोधकाच्या जागेसाठी सात ठिकाणी अर्ज टाकले. एका मोठ्या छापखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिघे सद्गृहस्थ बसले होते. त्यांनी प्रेमानं चहा दिला. नाव वाचून पहिला प्रश्न आला, "मराठी विषय कसा काय घेतलात?" दुसरा, "घरी कोणती भाषा बोलता?" मग थोड्या वेळानं, "अहो, तुमचं मराठी तर अगदी शुद्ध आहे!" मी आभार मानले. पंधरा मिनिटं अशीच गेली. मुद्रितशोधनाच्या खुणा येतात का, हे कोणी विचारलं नाही. टेबलावर प्रुफांची चळत होती. सगळ्यात वरच्या कागदावर 'आशिर्वाद' असा शब्द होता, शि ऱ्हस्व. माझ्या बाजूनं तो उलटा दिसत होता, तरी डोळ्यांत खुपत होता. उमेदवारानं मालकाची चूक दाखवू नये असं वाटलं, म्हणून मी गप्प बसलो. नोकरी मिळाली नाही.

पुढच्या महिन्यात एका जुन्या छापखान्यात गेलो. मालक बनियनवर होते, हाताला शाई. त्यांनी मला बसवलं, एक लांबलचक गॅली आणि लाल पेन पुढे केलं आणि म्हणाले, "वाचा." अर्ध्या तासानं कागद घेऊन गेले. परत आले ते म्हणाले, "दोन सुटल्या. सोमवारी या." माझं नाव त्यांनी सोमवारी विचारलं, हजेरीपटावर लिहायचं होतं म्हणून! तिथे मी अकरा वर्षं काम केलं.

श्रोतेहो, हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. पहिल्या ठिकाणचे तिघेही वाईट नव्हते. त्यांनी मला जे विचारलं ते त्यांच्या कुतूहलातून आलं होतं. फक्त त्या कुतूहलात पंधराही मिनिटं संपली आणि कामाची परीक्षा राहून गेली. बहुतेक ठिकाणी असंच घडतं. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी याची मोजदाद केली होती. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या शिक्षणाचे, सारख्या अनुभवाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. काही नावं उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढचं बोलावणं येण्याची संधी दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. अर्ज तोच आणि गुणही तेच. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी नोकऱ्या देणाऱ्यांशीच बोलून पाहिलं. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असं ते सांगत. आणि त्याच बैठकीत हेही सांगत की मुलाखतीत उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारणं महत्त्वाचं असतं. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, नाव-गाव न पाहता, मनात काही न ठेवता मुलाखत घेतली तर माणूस ओळखता येईल की नाही? याचं उत्तर एका फार मोठ्या विद्वानानं स्वतःच्या फजितीतून दिलेलं आहे. डॅनियल कानमन. त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, २०२४ साली ते वारले. १९५०च्या दशकात, विशीत असताना, ते इस्रायलच्या सैन्यात मानसशास्त्राचं काम करत होते. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या जवानांच्या तुकडीला एक लांब ओंडका द्यायचा आणि तो भिंतीला न टेकवता सगळ्यांनी पलीकडे जायचं, असा खेळ असे. कोण पुढाकार घेतो, कोण चिडतो, कोण हात काढून घेतो, हे कानमन आणि त्यांचे सहकारी टिपून घेत. पाहता पाहता त्यांची खात्री पटे, हा उत्तम अधिकारी होणार, तो नाही. पुढे प्रशिक्षणशाळेकडून निकाल कळत. त्यांचे अंदाज डोळे मिटून केलेल्या अंदाजापेक्षा फारसे बरे नसत. गंमत पुढेच आहे. हे कळल्यावरही दुसऱ्या दिवशी नवी तुकडी आली की त्यांना पुन्हा तितकीच खात्री वाटे! डोळ्यांसमोर माणूस असला की आपल्याला वाटतं, आपल्याला दिसतंय. पण आपल्याला दिसतो तो त्याचा एक तास.

कानमन यांना निदान निकाल कळत होते. गावातल्या मालकाला तेही कळत नाहीत. माझ्या मते खरी गोम इथे आहे, आणि ती मला माझ्याच चुकीतून कळली.

२०११ साली मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो. सहायकाची एक जागा भरायची होती. एक्केचाळीस अर्ज आले, सातजणांना मुलाखतीला बोलावलं. त्यात एक मुलगा होता. आवाज खणखणीत, उत्तरं तोंडावर तयार. वाचनाचा विषय निघाला तेव्हा त्यानं माझ्याच कवितेतल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. आता सांगा, कवी काय करणार? तो निवडला गेला.

आणि ती निवड वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. मुलगा वेळेवर यायचा, सभासदांशी गोड बोलायचा. वार्षिक सभेत आमच्या निवडीबद्दल टाळ्या पडल्या. आम्हाला आमच्या पद्धतीची खात्री पटली आणि पुढची दोन माणसंही आम्ही तशीच, गप्पा मारून घेतली.

२०१८ साली व्याख्यानासाठी दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. एका जुन्या मासिकातला लेख मला पाहायचा होता, नेमका अंक आठवत नव्हता. तिथल्या वाचनालयात गेलो. टेबलामागच्या बाईंनी दोन प्रश्न विचारले, आत गेल्या आणि पाचेक मिनिटांत बांधीव खंड घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, यातली शेवटची दोन पानं फाटलेली आहेत. ती मी दुसऱ्या प्रतीवरून उतरवून ठेवली आहेत." मी चकित होऊन विचारलं, "तुम्हाला सापडलं कसं?" त्यांनी कपाटातून शाळेच्या वह्या काढून दाखवल्या. बारा वह्या. वाचनालयातल्या जुन्या मासिकांची लेखवार, विषयवार सूची. दुपारी वर्दळ नसते तेव्हा बसून केलेली, कोणी न सांगता.

निघताना त्या म्हणाल्या, "सर, मी तुमच्याकडे मुलाखतीला आले होते."

मला आठवेना. खरंच आठवेना. घरी आल्यावर वाचनालयातली जुनी फाईल काढली. नाव सापडलं. दहापैकी चार गुण. पुढे शेरा, माझ्याच अक्षरात : 'बोलण्यात चुणूक नाही.'

नंतर एकदा त्यांची गाठ पडली तेव्हा मी हिय्या करून विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही विचारलं होतं, आवडतं पुस्तक कोणतं. माझ्या मनात तीन आली. त्यातलं कोणतं आधी सांगावं ते ठरेना. तेवढ्यात तुम्ही पुढच्या प्रश्नावर गेलात."

श्रोतेहो, निवडलेला माणूस कसा निघाला हे मालकाला रोज दिसतं. नाकारलेला माणूस कसा निघाला असता हे त्याला कधीच दिसत नाही. निवडलेला बरा निघाला की तो म्हणतो, माझी पारख बघा. वाईट निघाला की म्हणतो, नशीब, बाकीचे तर याहून वाईट होते. दोन्ही वेळा त्याची पारख शाबूत राहते. न्यायालयात एकाच बाजूची साक्ष घेऊन निकाल दिला तर आपण ओरडा करू. इथे मात्र रोज तेच चालतं. माझी त्या बाईंशी गाठ पडली हा योगायोग. असा योग किती मालकांना येतो?

तुम्ही म्हणाल, एका उदाहरणावरून नियम काढू नका. बरोबर आहे. म्हणून एक मोठा दाखला देतो. अमेरिकेत टेक्सास राज्यात ह्यूस्टनला वैद्यकीय विद्यापीठ आहे. १९७९ साली तिथे सुमारे आठशे उमेदवारांच्या मुलाखती घेऊन, त्यांची क्रमवारी लावून दीडशे विद्यार्थी घेतले गेले. प्रवेश संपत आले असताना राज्याच्या विधिमंडळानं सांगितलं, आणखी पन्नास घ्या. तोवर वरच्या क्रमांकाचे उमेदवार इतर महाविद्यालयांत गेलेले. उरले होते ते यादीच्या तळाचे, ज्यांना मुलाखत घेणाऱ्यांनी जवळजवळ बाद केलं होतं. नाइलाजानं त्यांतले पन्नास घेतले. पुढे या दोन गटांची तुलना झाली, ती १९८७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. अभ्यासात, पदवी मिळवण्यात, नंतर रुग्णालयात उमेदवारी करताना, दोन्ही गटांत नाव घेण्यासारखा फरक दिसला नाही. नाकारलेल्यांची साक्ष नोंदवली गेली, तीही केवळ सरकारी हुकमामुळे, आणि ती मुलाखतीच्या विरुद्ध गेली.

मग करायचं काय? आमच्या त्या कारखानदारांना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनीही हेच विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही टर्नर कसा घेता?" ते म्हणाले, "त्यात काय, लेथवर उभा करतो, एक पीस काढायला लावतो." "आणि ऑफिसातला माणूस?" "त्याच्याशी बोलतो." बोलता बोलता ते स्वतःच थांबले.

बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवर थाप मारतो. पण शहाणा गिऱ्हाईक त्याला जुंपून चार पावलं चालवल्याशिवाय पैसे मोजत नाही. आपण हाताच्या कामाची परीक्षा कामानंच घेतो. टेबलाच्या कामाची परीक्षा मात्र जिभेवर घेतो. हिशेबनीस हवा असेल तर त्याला एक विस्कटलेली खतावणी द्या. शिक्षक हवा असेल तर त्याला वर्गावर पाठवा. ग्रंथालयात माणूस हवा असेल तर त्याला एक पुस्तक शोधायला सांगा. फार तर एक तास जास्त जाईल आणि त्या तासाचे पैसे उमेदवाराच्या हातावर ठेवायला हरकत नाही.

मुलाखत घ्यायचीच असेल तर ती सगळ्यांची सारखी घ्या. कानमन यांनी पुढे तेच केलं. सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी ठरावीक प्रश्न, तेही गतआयुष्यातल्या घडलेल्या गोष्टींबद्दलचे. एकेका गुणाला त्याच वेळी आकडा द्यायचा, मगच पुढे जायचं. मुलाखत घेणारे कुरकुरले, आम्हाला यंत्र बनवता म्हणाले. पण अंदाज आधीपेक्षा बरेच सुधारले. आपल्या केंद्र सरकारनंही १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि ड, तसंच गट ब मधल्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंद केली. वशिल्याला आळा बसावा हा त्यामागचा हेतू होता. पण वशिला नसलेली, स्वच्छ मनानं घेतलेली मुलाखतही चुकू शकते, हे मी माझ्याच अक्षरातल्या शेऱ्यावरून सांगतो.

आणि शेवटची एक गोष्ट. ज्यांना नाकारलं त्यांची यादी फेकून देऊ नका. दोन-तीन वर्षांनी काढून पाहा. त्यातले चार-पाचजण आज काय करतात, याची चौकशी करा. गावात ते सहज कळतं. कदाचित तुमचा निर्णय बरोबर ठरेल. तसं झालं तर छातीवर हात ठेवून सांगा, माझी पारख चांगली आहे. आज जी सांगता ती नुसती समजूत आहे.

त्या वाचनालयातल्या बाईंच्या वह्या आता पंधरा झाल्या आहेत. आमच्या गावच्या वाचनालयातही तशी सूची हवी, असा ठराव मी मंडळापुढे मांडला होता. तो मंजूर झाला. ती करायला माणूस नाही, म्हणून काम अजून सुरू झालेलं नाही. जाहिरात द्यायची आहे. या वेळी मुलाखतीच्या खोलीत खुर्च्यांबरोबर एक जुना मासिकांचा खंड आणि एक कोरी वही ठेवायची, एवढं मी सांगून ठेवलं आहे.